अडॅप्टर डेड, फ्यूज बदलला तरी परत उडतो: डायोड मीटरवर नीट कसा तपासायचा

वायफाय राउटर, सेट टॉप बॉक्स, सीसीटीव्ही, मखराची एलईडी स्ट्रिप, या सगळ्यांना लागतो तो १२ व्होल्टचा अडॅप्टर. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त हाच येतो, आणि पावसाळा सुरू झाला की तर विचारूच नका. आत बरंच काही बिघडू शकतं पण फिरून फिरून गाडी डायोडवर, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पार्टवर येते, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते. आधी लक्षणं बघा, आपल्याकडे यातलं काय होतंय ते ठरवा, मग पुढे जा.

लक्षणं

- अडॅप्टर पूर्ण डेड. दिवा नाही, आवाज नाही. उघडला तर काचेचा फ्यूज आतून काळा पडलेला. नवीन फ्यूज टाकून स्विच ऑन केला की लगेच फट्.
- अडॅप्टरचा दिवा लुकलुकतो, कान जवळ नेला तर टिक टिक टिक ऐकू येतं, आउटपुट शून्य ते तीन-चार व्होल्टमध्ये नाचत राहतं.
- मोकळा असताना बरोबर १२ दाखवतो, राउटर लावला की सात-आठवर येतो आणि राउटर सारखा रिस्टार्ट होतो.
- थोडा वेळ नीट चालतो, तापला की बंद, गार झाला की परत चालू.
- जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर जास्त गुणगुणतो, व्होल्टेज कमी देतो.

यातली पहिली दोन लक्षणं एकमेकांपासून वेगळी ओळखलीत तर अर्धं काम तिथेच झालं. फ्यूज उडालाय म्हणजे भानगड मेनच्या बाजूला, म्हणजे ब्रिजचे (मेनच्या एसीचा डीसी करणारे चार) डायोड किंवा त्यांच्या पुढचा मॉस्फेट (झपाट्याने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). फ्यूज शाबूत आहे आणि टिक टिक येतंय म्हणजे मेनची बाजू जिवंत आहे, पण आउटपुटच्या बाजूला काहीतरी शॉर्ट आहे, कंट्रोलर आयसी चालू व्हायचा प्रयत्न करतो, लोड जास्त दिसतो, बंद होतो, परत प्रयत्न करतो, तोच तो टिक टिक. तिथे पहिला संशय आउटपुटच्या शॉटकी डायोडवर, म्हणजे कमी व्होल्ट पाडणाऱ्या फास्ट डायोडवर. तिसऱ्या लक्षणात डायोडपेक्षा फुगलेला किंवा सुकलेला कपॅसिटर (चार्ज साठवणारा नळकांड्यासारखा पार्ट) जास्त वेळा सापडतो, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर डायोड बदलत बसाल.

बीपवर जाऊ नका

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त कळकळीने हेच सांगायचंय. बरेच जण मीटर, म्हणजे मल्टीमीटर, बझरवर ठेवतात, डायोडच्या दोन्ही पायांना प्रोब लावतात, बीप वाजला की शॉर्ट आणि नाही वाजला की चांगला असं ठरवून मोकळे होतात. बझर फक्त एवढंच सांगतो की मधला रेझिस्टन्स काही ओहमांच्या खाली आहे. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधूनही बीप येतो, फिल्टर कॉइलमधूनही येतो. आणि डायोड आतून तुटून ओपन झाला असेल तर बझर गप्प बसतो, चांगल्या डायोडलाही गप्पच बसतो, मग फरक कळणार कसा? त्यासाठी मीटरवर डायोडची वेगळी रेंज दिलेली असते, बाण आणि समोर आडवी रेघ असं चिन्ह असतं, ती लावा आणि आकडा वाचा. काही मीटरवर डायोड आणि बझर एकाच खुणेवर असतात, तिथे सिलेक्टचं बटण दाबून डायोडवर आणायचं, ज्यात बटण नाही त्यात आकडा आणि बीप दोन्ही येतात, तेव्हाही आकड्याकडेच बघायचं.

या रेंजमध्ये मीटर स्वतः साधारण १ मिलिअँपिअर करंट डायोडमधून सोडतो आणि डायोडवर किती व्होल्ट पडले ते दाखवतो. डायोड म्हणजे बिल्डिंगच्या पंपाला लावलेला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, एका बाजूने जाऊ देतो, उलट येऊ देत नाही. म्हणून प्रत्येक डायोड दोनदा तपासायचा, सुलट आणि उलट. एकाच बाजूने बघून काहीही ठरवू नका.

लाल प्रोब ॲनोडला, काळा कॅथोडला, म्हणजे ज्या टोकाला पट्टी आहे तिथे काळा. मग साधारण असं दिसायला हवं:

१एन४००७ सारखा साधा सिलिकॉन डायोड: ०.५ ते ०.७ च्या मध्ये. पिवळ्या डीटी ८३० सारख्या स्वस्त मीटरवर हेच मिलिव्होल्टमध्ये येतं, म्हणजे ५६०, ५९० असं.
शॉटकी, म्हणजे आउटपुटला असतो तो: ०.१५ ते ०.३. हा आकडा बघून लोक खराब म्हणतात, तो खराब नाही, शॉटकी असाच असतो.
एलईडी: लाल असेल तर १.६ ते १.९ आणि मंद पेटतोही. पांढरा किंवा निळा बऱ्याच मीटरवर काहीच दाखवत नाही कारण मीटरकडे तेवढे व्होल्टच नसतात, त्यावरून तो गेला असं समजू नका.

उलट लावल्यावर ओएल, म्हणजे करंट गेलाच नाही, असं यायला हवं, स्वस्त मीटरवर डावीकडे नुसता १ येतो, त्याचा अर्थ तोच. दोन्ही बाजूंनी ०.००२, ०.००५ असं काहीतरी आलं तर शॉर्ट. दोन्ही बाजूंनी ओएल आलं तर ओपन. झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटही वाहणारा डायोड) असेल तर सुलट ०.६-०.७ दाखवेल आणि उलट बहुतेक वेळा ओएल, झेनरचं खरं व्होल्टेज या रेंजवर कळत नाही.

आता क्रमाने, आधी फुकटातलं

पहिलं म्हणजे उघडूच नका. दुसऱ्या सॉकेटला लावून बघा. मग आउटपुटची वायर बघा, पिनेच्या अगदी मागे आणि अडॅप्टरच्या डबीतून जिथे बाहेर येते तिथे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून प्रोब पिनेत धरा आणि वायर या दोन जागी हळूच वाकवा, १२ येतंय-जातंय असं दिसलं तर आतल्या कशालाही हात लावायची गरज नाही, वायर तुटलीय. पहिल्या मजल्यावरच्या काकू राउटरचा अडॅप्टर वायरीला धरून ओढून काढतात, तो दर वेळी इथेच तुटलेला असतो. पिन कापून नवीन लावायची, झालं काम.

त्याच्यासोबत लोड बघा. अडॅप्टर २ अँपिअरचा आणि स्ट्रिप कुठली? ५०५० चिपची मीटरला ६० एलईडीवाली स्ट्रिप मीटरमागे साधारण १४ वॅट खाते, ५ मीटरचा अख्खा रोल लावला तर ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. २ अँपिअरचा अडॅप्टर टिक टिक करणारच, त्याचा डायोड गेलेला नाही, त्याच्यावर अन्याय होतोय. स्ट्रिप काढून बघा, टिक टिक थांबली आणि १२ स्थिर आलं तर मोठा अडॅप्टर आणा. गणपतीच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही फार असते.

दुसरं, मीटर स्वतः बरा आहे का ते बघा. काळी वायर कॉममध्ये, लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात, १० अँपिअरच्या नाही. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, शून्याच्या जवळ यायला हवं आणि स्थिर राहायला हवं, आकडा उड्या मारत असेल तर प्रोबची वायर आतून तुटत आलीय. बॅटरीचं चिन्ह दिसत असेल तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला, उतरलेल्या बॅटरीवर मीटर खोटं बोलतो. आणि माझी कायमची सवय सांगते, एक कोरा १एन४००७ मीटरच्या पाऊचमध्ये ठेवलेला असतो, काहीही तपासायच्या आधी त्याच्यावर रीडिंग घेते. रुपया-दोन रुपयांचा डायोड आहे पण तो ०.५६ दाखवतो तेव्हा मला खात्री असते की पुढचे आकडे खरे आहेत. तोच डायोड चिमटीत धरून ठेवा, हाताच्या उबेने आकडा हळूहळू एक-दोन अंकांनी खाली सरकताना दिसेल, ०.५६ चा ०.५५. सिलिकॉनचा व्होल्टेज ड्रॉप एका अंश सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतो, तेच तुमच्या डोळ्यासमोर होतंय. दोन डायोड शेजारी शेजारी तुलना करताना एक गरम आणि एक गार नसावा एवढ्यासाठी हे लक्षात ठेवा.

तिसरं, न उघडता आउटपुटचा डायोड तपासायची युक्ती. ही फार कमी लोक वापरतात पण वेळ खूप वाचवते. अडॅप्टर प्लगमधून काढा, पाच मिनिटं ठेवा. मीटर डायोडवर. लाल प्रोब आउटपुटच्या मायनसला, काळा प्लसला, हो, उलटंच. करंट मायनसमधून ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये, तिथून शॉटकीतून प्लसला जातो, म्हणजे बाहेर बसून तुम्ही आतल्या डायोडचंच सुलट रीडिंग घेताय. ०.१५ ते ०.३ आलं तर डायोड बहुतेक ठीक. काही नव्या अडॅप्टरमध्ये डायोडच्या जागी मॉस्फेट असतो, तिथे ०.४-०.५ येईल, तेही चालेल. आता प्रोब अदलाबदल करा, आकडा हळूहळू चढत जाईल कारण कपॅसिटर चार्ज होतोय, आणि कुठेतरी वर जाऊन थांबेल किंवा ओएल होईल. दोन्ही बाजूंनी शून्याला चिकटून बसला तर आउटपुटला शॉर्ट आहे, डायोड नाहीतर कपॅसिटर, आणि आता उघडायला कारण मिळालं.

मेनच्या पिनांवर असं काही कळत नाही, बरं का. जुना ट्रान्सफॉर्मरवाला सोडला तर चांगल्या अडॅप्टरच्या दोन पिनांमध्येही ओएल येतं आणि फ्यूज उडालेल्याच्याही. तिथे शून्याजवळचं काही आलं तरच ती खबर, आत शॉर्ट आहे आणि फ्यूज अजून टिकून आहे, असा अडॅप्टर प्लगला लावूच नका.

उघडायच्या आधी एवढं वाचाच

प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसता स्विच बंद नाही. आपल्या जुन्या चाळी-बिल्डिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो असं बऱ्याच ठिकाणी बघितलंय, स्विच बंद असला तरी फेज आत येत राहतो.

मग मोठा कपॅसिटर, ४०० व्होल्ट लिहिलेला. आपल्याकडे मेन २३० व्होल्ट, ब्रिजमधून गेल्यावर त्याचे साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि ते या कपॅसिटरमध्ये भरलेले असतात. फ्यूज गेलेला असला आणि पुढचा भाग बंद असला तर ते लवकर उतरत नाहीत. मीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टवर लावून आधी मोजा. भरलेला असेल तर १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही पायांना इन्सुलेटेड क्लिपने लावून दहा-बारा सेकंद धरा, परत मोजा, ५ व्होल्टच्या खाली आलं की मगच पुढे. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे खूप आहेत, ठिणगी उडते, ट्रॅक उडतो, कपॅसिटर आतून दुखावतो, आणि डोळ्याजवळ ते करणं मला अजिबात मान्य नाही. डायोड रेंजवर भरलेल्या कपॅसिटरला प्रोब लागला तर मीटरही जातो.

आता आत

आधी नुसतं बघा, चांगला उजेड घेऊन. फ्यूज काळा की फक्त तार तुटलेली? आतून काळा-चंदेरी झालेला फ्यूज म्हणजे मोठा करंट गेलाय, डेड शॉर्ट आहे. तार नुसती मधे तुटलेली असेल तर कधीकधी फ्यूज म्हातारपणाने गेलेला असतो. कपॅसिटरचं डोकं फुगलंय का, डायोडच्या पोटाला चीर आहे का, सोल्डरभोवती गोल भेग आहे का, पाल किंवा झुरळ मरून पडलंय का. हसू नका, उबेला झुरळं आत शिरतात आणि मेनच्या दोन ट्रॅकच्या मध्ये अडकतात. समुद्राच्या जवळ राहणाऱ्यांकडे पायांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी खार दिसते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या, मगच रीडिंग घ्या, कारण ओली खार मीटरला लीकेज म्हणून दिसते.

मग ब्रिज. चार सुटे १एन४००७ असतील किंवा एकच चार पायांचा, डीबी१०७ सारखा. बोर्डवर असतानाच पहिली फेरी मारा. दोन एसी पायांमध्ये दोन्ही बाजूंनी ओएल हवं. एसी पायापासून प्लसकडे सुलट ०.५-०.६, मायनसपासून एसी पायाकडे सुलट ०.५-०.६, दोन्ही एसी पायांसाठी, म्हणजे चार रीडिंग, आणि चारही जवळपास सारखी हवीत. मायनसला लाल आणि प्लसला काळा ठेवलात तर दोन डायोड ओळीने येतात म्हणून १ च्या आसपास येतं, बोर्डवर मॉस्फेटमधूनही वाट मिळाली तर ०.५ च्या आसपासही येतं, तेही बरोबरच. एका ठिकाणी ०.००३ आलं की सापडला.

पण थांबा. सुटे डायोड असतील तर तो डायोड शॉर्ट आहे असं बोर्डवर बसून ठरवू नका, एक पाय सोल्डर काढून वर उचला आणि परत मोजा. याचं कारण असं की बोर्डवर मीटरचा करंट दुसऱ्या वाटेने पण जातो, शेजारचा डायोड, वाइंडिंग, रेझिस्टर, मॉस्फेट, जिथून वाट मिळेल तिथून. एक पाय उचलला की वाट एकच उरते. बोर्डवर चांगलं आलेलं रीडिंग बहुतेक वेळा खरं असतं, बोर्डवर वाईट आलेलं रीडिंग फक्त संशय असतो.

मागे मंडळाची पोरं जाळीचा १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (करंट झपाट्याने चालू-बंद करून व्होल्ट बदलणारा पॉवर सप्लाय) घेऊन आली, दुकानात कोणीतरी आउटपुटचा डायोड शॉर्ट आहे, नवीनच घ्या, असं सांगून परत पाठवलं होतं. तीन पायांचा डायोड, ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने बसवलेला, अंगावर एमबीआर२०१००सीटी लिहिलेलं. डावा आणि उजवा पाय, बझर कडकडीत वाजतोय. वाजणारच, हे दोन्ही ॲनोड आहेत आणि ट्रान्सफॉर्मरच्या जाड तांब्याच्या चार-सहा वेढ्यांनी एकमेकांना जोडलेले आहेत. डायोड रेंजवर डावा पाय ते मधला ०.१९, उजवा ते मधला पण ०.१९, प्रोब उलटे केले की आकडा चढत जातो. डायोड एकदम ठणठणीत. मग बिघाड कुठे, तर एसी टर्मिनलचा स्क्रू ढिला, वायरीचं टोक तिथे जळून काळं झालेलं, प्लास्टिक थोडं वितळलेलं. टोक कापून, परत सोलून, लग लावून घट्ट केलं. मीटर बझरवरून एक खूण सरकवला असता तर दुकानातच कळलं असतं.

टिक टिकवाल्या अडॅप्टरमध्ये शॉटकीचा एक पाय उचलूनच मोजा. सुलट ०.२ च्या आसपास आणि उलट ओएल आलं तरी एक शंका राहते, ती चौथ्या लक्षणाची, तापला की बंद. शॉटकीचं उलट लीकेज उष्णतेने झपाट्याने वाढतं आणि डायोड रेंजवर थोडं लीकेज दिसतच नाही. म्हणून मीटर २ मेगा किंवा २० मेगा ओहमवर न्या आणि उलट बाजूने बघा. साधा १एन४००७ तिथे काहीच दाखवता कामा नये, आकडा आला तर फेकून द्या. शॉटकी थोडा आकडा दाखवतो, ते नॉर्मल आहे, त्याच नंबरच्या नव्या डायोडशी तुलना करा, मग हेअर ड्रायरने दोघांना सारखंच गरम करून परत बघा. जुना खूपच खाली कोसळला आणि नवा तग धरून राहिला तर उत्तर मिळालं. हे करताना दोन्ही पाय बोटांनी धरू नका, मे-जूनच्या घामट हातातून मीटरला तुमच्या अंगाचाच रेझिस्टन्स दिसतो. एका बाजूला क्रोकोडाइल क्लिप लावा.

डायोड शॉर्ट सापडला, म्हणून लगेच बदलू नका

शॉर्ट डायोड हे बऱ्याचदा कारण नसून परिणाम असतो. ब्रिजमधला डायोड गेला असेल तर पुढचा मॉस्फेट आणि मोठा कपॅसिटर तपासल्याशिवाय करंट देऊ नका. मॉस्फेट ड्रेन आणि सोर्स या दोन पायांच्या मध्ये एका बाजूने ०.४-०.६, दुसऱ्या बाजूने ओएल हवा. दोन्हीकडे शून्य म्हणजे तो गेलाय आणि फ्यूज त्यानेच उडवलाय. लाइट जाऊन धपकन परत येते तेव्हाचा झटका हे एक मोठं कारण. शॉटकी गेला असेल तर शेजारचे आउटपुट कपॅसिटर बघा, सुकलेला कपॅसिटर स्वतः तापतो आणि डायोडलाही तापवतो.

बदलताना नंबर तोच घ्या. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर सगळं मिळतं, फक्त जुना डायोड किंवा त्याचा फोटो बरोबर न्या. दिसायला सारखे काळे, चंदेरी पट्टीचे डायोड एकमेकांच्या जागी चालत नाहीत. १एन४००७ हा १ अँपिअर १००० व्होल्टचा पण मंद, मेनच्या ५० हर्ट्झला ठीक, आउटपुटला एसएमपीएसचे हजारो हर्ट्झ असतात तिथे तो काही मिनिटांत भाजून निघतो. यूएफ४००७ तसाच दिसतो पण फास्ट असतो, त्याच्या जागी तोच हवा. १एन५८२२ हा ३ अँपिअरचा शॉटकी सहज मिळतो म्हणून लोक १२ व्होल्टच्या अडॅप्टरला लावतात, पण तो ४० व्होल्टचा आहे आणि अशा अडॅप्टरमध्ये डायोडवर उलट बाजूने ५०-६० व्होल्ट सहज येतात, म्हणून मुळात तिथे १०० व्होल्टचा असतो. १२ चं आउटपुट आहे तर ४० खूप झाले, हा हिशोब चुकीचा आहे. आणि पट्टी बोर्डवरच्या पट्टीला जुळवून लावा.

फ्यूजच्या जागी वायरीची तार गुंडाळू नका. कोणाच्या घरात रात्रभर चालू राहणारी वस्तू आहे ती, लहान मुलं असतात, लाकडी कपाटामागे अडॅप्टर लोंबकळत असतो. फ्यूजवर जे अँपिअर लिहिलेत तेच घ्या. काही अडॅप्टरमध्ये फ्यूजऐवजी रेझिस्टरसारखा दिसणारा फ्यूजिबल रेझिस्टर असतो, त्याच्या जागीही तसाच, साधा कार्बनवाला नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मॉस्फेट आणि कंट्रोलर आयसी दोन्ही गेलेत: छोट्या अडॅप्टरला तो खर्च परवडत नाही, बीआयएसचा मार्क आणि आर- ने सुरू होणारा नोंदणी नंबर असलेला नवीन घ्या. बोर्ड जळून कोळसा झालाय, विशेषतः मेन आणि आउटपुटच्या मधली मोकळी पट्टी काळी पडलीय: दुरुस्त करू नका, कोळशातून करंट वाहतो आणि मेनचे २३० व्होल्ट राउटरच्या पिनेपर्यंत येऊ शकतात. दोनदा सगळं तपासून, बदलून, तरीही फ्यूज उडतोय: तिसरा फ्यूज टाकू नका.

इन्व्हर्टर, एसीचा बोर्ड, फ्रिजचा बोर्ड, लिफ्टचं पॅनल, सोसायटीच्या मीटर रूममधलं काहीही, याला हे वाचून हात लावू नका. आणि मायक्रोवेव्हला तर मुळीच नाही. त्यातला हाय व्होल्टेज डायोड या मीटरवर चांगला असला तरी दोन्ही बाजूंनी ओएल दाखवतो कारण त्याला सुलट चालायलाच मीटरकडे आहेत त्यापेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणजे रीडिंगचा उपयोग शून्य, आणि त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहू शकतं. सर्व्हिसवाल्यालाच बोलवा, आणि त्याने झाकण उघडलं की घरातल्यांना लांब ठेवा.

चालू करताना

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा थेट प्लगला लावू नका, सिरीज बल्बमधून लावा. पिवळा फिलामेंटचा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब, एलईडीचा नाही, फेजच्या वायरीत मधे. अडॅप्टरची डबी बंद करून, हात लांब ठेवून स्विच ऑन करा. बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद झाला तर ठीक. भकाभक पेटूनच राहिला तर अजून शॉर्ट आहे, पण फ्यूज आणि नवीन डायोड वाचले. सिरीज बोर्ड घरी नसेल तर जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे नक्की असतो, तिथे नेऊन टेस्ट करून घ्या.

मग बल्ब काढून थेट मेनवर, लोड लावून मोजा. मोकळ्या १२ व्होल्टला काही अर्थ नाही. राउटर किंवा स्ट्रिप लावून ११.५ च्या खाली जाता कामा नये. तासभर टेबलावर समोर चालू ठेवा, मग प्लग काढून डबीला हात लावा. कोमट चालेल, हात ठेवता येणार नाही इतकी गरम लागली तर तो अडॅप्टर परत कपाटामागे लावू नका, उघडा आणि आउटपुटचे कपॅसिटर बदला.